सायकल स्टँड मुलांच्या ताब्यात गेला, त्याची गोष्ट

आमच्या कॉलेजात मेकॅनिकल बिल्डिंगच्या मागे जुना सायकल स्टँड आहे. ६० फूट लांब, लोखंडी खांब, वर पत्रा. मुलं गाड्यांवर यायला लागली तसा तो ओस पडला आणि मोडक्या बाकांचं गोदाम झाला. ती जागा मुलांना मिळावी म्हणून मी दीड वर्ष धावपळ केली.

तसा कॉलेजात ‘ॲक्टिव्हिटी हॉल’ होता. एसी, गादीच्या खुर्च्या, सगळं. पण किल्ली ऑफिसात आणि अर्ज दोन दिवस आधी. रोबोटच्या चाकाचं काही रात्री आठला सुचलं, तर दोन दिवस थांबणार कोण?

सुरुवातीला मी काहीच मागितलं नाही, नुसतं बघितलं. पंधरा दिवस मधल्या सुट्टीत वही घेऊन फिरले. मुलं बसतात कुठे? लायब्ररीबाहेरचा कठडा, दुसऱ्या मजल्याचा जिना, कँटीनमागची भिंत. तिन्हीकडे टेकायला काहीतरी होतं, सावली होती, येणारा-जाणारा दिसत होता. टेप लावली, कठडा दीड फूट भरला. पुढे स्टँडवर कट्टा केला, त्याची उंची तीच ठेवली.

त्याच सुमाराला अहमदाबादला जाणं झालं आणि सेप्ट विद्यापीठाचा कॅम्पस पाहिला. मूळच्या पुण्याच्या बाळकृष्ण दोशींनी १९६२ साली तिथे आर्किटेक्चरचं स्कूल सुरू केलं, इमारतही त्यांचीच. विटांच्या उघड्या भिंती, उत्तरेचा उजेड घेणारे स्टुडिओ आणि इमारतीच्या खाली चक्क मोकळी जागा. तिथे पायऱ्यांवर कोणी मॉडेल चिकटवत होतं, कोणी शेजारी उभं राहून नुसतं बघत होतं. असं बघता बघता किती शिकणं होतं! आमच्या मुलांना ते मिळत नाही, याचं मला परतीच्या गाडीत फार वाईट वाटलं.

पैशांवर अडेल असं वाटलं होतं. अडलं डेडस्टॉकवर, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या नोंदीवर. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, आल्यापासून अडगळीत पडलेली २२ सागवानी ड्रॉइंग टेबलं मला हवी होती. पण रजिस्टरला ती ड्रॉइंग हॉलच्या नावावर. हलवायची तर निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी करणं, निर्लेखनाला समिती, आणि समितीची बैठक काही लागेना. अकरा महिने गेले. शेवटी स्टोअरच्या मामांनीच वाट दाखवली. “मॅडम, निर्लेखन कशाला? या विभागातून त्या विभागात ट्रान्स्फर दाखवा. टेबल कॉलेजचंच राहतंय ना.” चार दिवसांत टेबलं स्टँडवर आली. मामांचे हे उपकार मी विसरणार नाही.

दुसरं भांडण ग्रॅनाइटच्या बाकांवरून झालं. व्यवस्थापनाला ती फरशीत पक्की बसवून हवी होती, वर भिंतीवर सुविचार. मी हट्टाने नको म्हटलं. जे मुलांना सरकवता येत नाही, त्याच्याभोवती ती फक्त बसतात. टेबलांना चाकं लावली, भिंतीला फळ्याचा काळा रंग मारला. उत्तरेचा पत्रा काढला, पश्चिमेचा ठेवला, कारण पावसाची झड तिकडून येते. प्लग आधी भिंतीत घेतले ते चुकलं, वायरी पायात यायला लागल्या. आता ते वरून लोंबतात.

पहिल्या महिन्यात कोणी फिरकलं नाही. मग एकांकिकेच्या पोरांना तालमीला हॉल मिळेना, म्हणून ती आली. त्यांचं नेपथ्य वाकडं उभं राहतंय हे बघून सिव्हिलची दोन मुलं मधे पडली, ती तिथेच राहिली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुलींच्या हॉस्टेलची वेळ साडेसातची आहे आणि खरी गर्दी त्यानंतर होते. म्हणजे रात्रीचा स्टँड फक्त मुलग्यांचा. दोन अर्ज केलेत, तिसरा या आठवड्यात देणार आहे. काल संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलावर अर्धवट गिअरबॉक्स होता आणि खडूने लिहिलं होतं, “हलवू नका. मी सकाळी येते.”