नेपाळी गड्याची पोलीस नोंद आणि २०३९ सालचा घोळ : माझा अनुभव

आमची हापूसची बाग आहे, साडेतीनशे कलमं. दिवाळी झाली की नेपाळी गडी येतात, फवारणी, राखण, पुढे तोडणी सगळं त्यांच्यावरच चालतं, कारण गावातली पोरं मुंबईला आणि जी उरलीत ती रात्रीची वानरं-डुकरं राखायला तयार नाहीत. आता हे गडी परदेशी नागरिक म्हटल्यावर मालकाने पोलीस ठाण्यात त्यांची माहिती द्यायची, ती मी दरवर्षी देतो, अर्धा तासाचं काम. यंदा त्यालाच तीन हेलपाटे पडले, फवारणी चार दिवस पुढे गेली आणि त्या चार दिवसांत तुडतुडा मोहोरावर बसला. म्हणून हे लिहितोय, कुणाची तरी खेप वाचेल.

फोटो, अर्ज, गड्याचा मोबाईल नंबर, गावचा पत्ता हे सगळं नेहमीसारखंच, त्यात काही अडत नाही. अडलं ते टेबलावर. (कुठलं ठाणं ते सांगत नाही, तिथे मला दरवर्षी जायचंय.)

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स आणा, नवीन कायदा आलाय. कायदा आलाय हे खरं आहे. इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट २०२५, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे रद्द केले. पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात आला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे ऐकून धनबहादूरचा चेहराच उतरला. हा माणूस एकोणीस सीझन माझ्या बागेत आहे, माझ्या आईला शेवटच्या आजारपणात खाटेसकट उचलून रस्त्यापर्यंत त्यानेच आणलं होतं.

घरी येऊन रात्री पुतणीला बसवलं, तिने राजपत्र शोधून काढलं. त्याच १ सप्टेंबरला केंद्राने एक्झम्पशन ऑर्डरही, म्हणजे कुणाला सूट आहे त्याचा आदेश, काढलीय आणि त्यात स्पष्ट आहे, नेपाळचा किंवा भूतानचा नागरिक त्यांच्या सीमेवरून जमिनीने किंवा विमानाने आला तर पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. चीन, पाकिस्तानमार्गे आला तर मात्र लागतो. आमचा गडी पश्चिम नेपाळातल्या अछामचा, उत्तराखंडातल्या बनबसाच्या सीमानाक्यावरून येतो, मग रेल्वे. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून हे असंच चालत आलंय.  एवढं सगळं छापलेलं असताना टेबलावर ते पोचत नाही याचा मला खरंच राग आला. तर प्रिंट काढून न्या, मोबाईलवर दाखवलं तर कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिंट दिली, साहेबांनी वाचली, मान्य केली. मग आधार मागितलं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही हो! गडी नेपाळी आहे हे दाखवायला त्याच्या देशाचाच कागद पाहिजे, जसं नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र. कुणी एजंट हजार-दोन हजारांत इथलं कार्ड काढून देतो म्हणाला तर गड्याला त्याच्या नादाला लागू देऊ नका, उद्या तोच गुन्हा होईल.

मग ते नागरिकता कार्ड निघालं, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, कडा विरलेल्या, फोटोत धनबहादूर ओठावर मिसरूड फुटलेला पोरगा. जुनं कार्ड, हाताने लिहिलेलं, सगळं नेपाळीत. जन्म मिती २०३९ साल, मंसिर महिना. साहेबांनी २०३९ टाकलं, कॉम्प्युटर घेईना. पुन्हा टाकलं. मग म्हणाले, तारीख खोटी आहे, कार्डच बनावट दिसतंय. मी सांगतोय ते विक्रम संवत आहे, आपल्या कॅलेंडरात शके असतं तसं त्यांचं सरकारी साल, तर म्हणे लिहून आणा कुणाकडून. कुणाकडून आणू? तालुक्यात नेपाळचं ऑफिस आहे काय? धनबहादूर बाकावर जागा असून बसला नाही, दोन्ही दिवस पिशवी छातीशी धरून भिंतीला उभा होता. ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुटलं ते त्याच्या पुतण्यामुळे. त्याचं कार्ड नवीन, मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर, आणि तिथे इसवी सनातली तारीख. पुढे २०५६ भदौ, मागे १९९९. दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी ठेवली आणि म्हटलं, साहेब, ५७ वजा करा. २०३९ मधून ५७ गेले की १९८२, मंसिर म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. साहेब दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग १९८२ टाकलं, कॉम्प्युटरने घेतलं. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल तर ५७ नाही, ५६ वजा करायचे, हे लक्षात ठेवा. मोबाईलवर कन्व्हर्टर मिळतात, नेमकी तारीख त्यावर काढा आणि अर्जातच दोन्ही तारखा लिहा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

हां, आणि पोच! शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. एक तुमच्याकडे, एक गड्याकडे. धनबहादूरने त्याची प्रत त्याच दुधाच्या पिशवीत घातली, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, खुंटीला टांगली आणि पंप पाठीवर घेऊन बागेच्या वरच्या दळ्यात गेला.