मुंग्यांची पेरणी

आज रानात एका मुंगीच्या मागे बराच वेळ उकिडवं बसलो. स्वतःहून मोठं बी ओढत चालली होती बाई! बीच्या टोकाला पांढरट, तेलकट गाठ असते, तिला हवी असते तेवढीच. ती वारुळात अळ्यांना खायला घालायची आणि बाकीचं बी कचऱ्यात फेकायचं. तो कचरा म्हणजे भुसभुशीत, कसदार माती. शिवाय उंदरांपासून आणि वणव्यापासूनही बी बचावतं. अशी मुंग्यांच्या भरवशावर पसरणारी झाडंझुडपं जगात ११,०००हून जास्त जातींची आहेत. फळं खाऊन बिया लांबवर टाकणाऱ्या पक्ष्यांचं कौतुक सगळेच करतात. मुंगी जेमतेम मीटर-दोन मीटर नेते, पण जागा मोक्याची गाठते. घरी येऊन पाहतो तर पँटभर कुसळं! कुंपणापाशीच झटकली. बघू काय उगवतंय.