हूल कुणाला द्यायची? (प्ले-कॉलिंगची वही, नोंद ४)

शनिवारी १९–६ ने हरलो. ते सहा गुणसुद्धा माझ्या प्लेचे (आधी आखलेल्या चालीचे) नाहीत. पासला समोरच्या मुलाचा हात लागला आणि चेंडू उडून आमच्याच एकाच्या कुशीत पडला. तो बिचारा बुटाची लेस बांधून नुकताच उभा राहिला होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एका ओळीत: मी कॅन्सस सिटीजवळ राहते, मुलाच्या फ्लॅग फुटबॉल टीमची (अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण अंगावर न पडता कमरेची पट्टी ओढायची; वय नऊ-दहा) दुय्यम कोच आहे, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि ऑफेन्सचे (चढाईचे) प्ले ही दोन खाती माझ्याकडे.

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता फक्त शेवटच्या पाच यार्डांवर काम करणार. आमच्या नियमांत एंड झोनच्या (चेंडू तिथे पोचला की गुण, त्या पट्ट्याच्या) अलीकडचे पाच यार्ड ‘नो-रन’ असतात, तिथे चेंडू घेऊन पळायचं नाही, पासच टाकायचा. त्यामुळे प्ले-अ‍ॅक्शन तिथे बाद. पळायची बंदी आहे हे पोरांनाही ठाऊक असताना पळायचं सोंग करून कोण फसणार? हूल द्यायला हातात उरतं ते मोशन, म्हणजे प्ले सुरू व्हायच्या आधीच एका खेळाडूने आडवं पळत सुटणं.

मोशन म्हटलं की या गावात एकच आठवण निघते. १२ फेब्रुवारी २०२३, सुपर बोल ५७ (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना), आमच्या कॅन्सस सिटीचे चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फियाचे ईगल्स. मध्यंतराला चीफ्स २४–१४ ने मागे. चौथ्या क्वार्टरमध्ये चीफ्सचे दोन टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये पोचवणं), पाच यार्डांवरून कडेरियस टोनी आणि चार यार्डांवरून स्काय मूर, आणि दोघांच्या आसपास चिटपाखरूही नाही. ३८–३५ ने सामना खिशात.

तीन आठवडे मी हे दोनच प्ले थांबवून थांबवून बघितले. स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी) रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, कडेवरून आत पळत सुटतो, जणू पार पलीकडे निघालाय. ईगल्सचे बचावपटू माणूस वाटून घेतात: हा आत आला की तो तू घे, मी इकडचं बघतो. या देवाणघेवाणीत एक क्षण असा येतो की माणूस एकाने सोडलेला असतो आणि दुसऱ्याने अजून धरलेला नसतो. त्याच क्षणी रिसीव्हर पाय रोवून उलटा फिरतो, चेंडू स्नॅप होतो आणि तो आला त्या कडेला परत जातो. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. त्याच हंगामात जॅक्सनव्हिलच्या टीमने ईगल्सना असंच फसवलं होतं, म्हणजे चीफ्सचे कोच अँडी रीड यांच्या मंडळींनी गृहपाठ नीट केला होता. वर्षभराने लास वेगासच्या सुपर बोलला ओव्हरटाइममध्ये चीफ्सच्या मेकोल हार्डमनचा सामना संपवणारा टचडाउन आला तोही याच कुळातला.

प्रॅक्टिसला आमच्या पोरांनी हा प्ले झकास केला. जाऊन वळून परत येतो म्हणून मुलाने नाव ठेवलं ‘जिलबी’. बाकीची मुलं ‘जिल्बी’ म्हणतात. चालतंय. (चीफ्सच्या मूळ प्लेचं नाव ‘कॉर्न डॉग’ आहे, तेव्हा खाण्याच्या पदार्थाला कुणी नाक मुरडू नये.)

सामन्यात तीनदा जिलबी लावली, तिन्ही वेळा फुकट. तिसऱ्यांदा हडलमध्ये (प्ले ठरवायच्या घोळक्यात) येऊन मुलगा वैतागून म्हणाला, “आई, ते माझ्याकडे बघतच नाहीत!”

घरी येऊन नवऱ्याने काढलेला व्हिडिओ लावला. खरंच. समोरची पाचही पोरं आपापल्या जागी खुंटीसारखी उभी, माझा रिसीव्हर कुठे पळतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कुणी सोडत नाही, कुणी धरत नाही, मग मधला तो क्षण येणार कुठून? टोनी मोकळा सुटला कारण ईगल्स शिस्तीचे होते, मोशनला उत्तर द्यायचा नियम त्यांनी पाठ केला होता. चेंडूकडे तोंड करून उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला कसली हूल देणार? कबड्डीतही जो बचावपटू तुमच्या पायाकडे बघतच नाही त्याच्यापुढे पाय नाचवून काय उपयोग!

प्रॅक्टिसला जमलं त्याचं कारणही मग कळलं. आमच्या डिफेन्सला ‘आपला माणूस सोडू नका’ हे शिकवणारी मीच. स्वतःच लावलेल्या कुलपाला स्वतःचीच किल्ली लावत होते.

तर या आठवड्यातले बदल. उभ्या डिफेन्ससाठी हूल नको, गर्दी हवी. एकाच पोराच्या अंगणात दोघांना पाठवायचं, एक त्याच्या पुढ्यात, एक पाठीमागे. तो पुढे आला तर मागे टाक, मागे सरकला तर पुढे टाक. बुधवारी दहा मिनिटांत मुलांना समजलं. क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) पाचांऐवजी एकाच मुलाकडे बघायचं आहे म्हटल्यावर तो भलताच खूश झाला. सात सेकंदांत पास टाकायचा असतो, त्यात पाच जणांकडे बघून होतच नाही.

जिलबी काढलेली नाही, तिचं काम बदललंय. फोर्टीनायनर्स या टीमचे जुने नामांकित कोच बिल वॉल्श सामन्याचे सुरुवातीचे प्ले आदल्या दिवशीच लिहून ठेवत, यादी पंचविसापर्यंत जाई. मला वाटायचं, डोकं शांत ठेवण्यासाठी असेल. तेही आहेच, पण त्यातले काही प्ले निव्वळ चाचपणीचे असत: या फॉर्मेशनला (आपल्या मांडणीला) समोरचे कसे उभे राहतात, ते बघून घ्यायचं आणि पुढच्या प्लेसाठी लक्षात ठेवायचं. आमच्या कार्डावर आठच ओळी मावतात. पहिल्या ओळीत जिलबी आहे, पण चेंडू तिकडे टाकायचाच नाही. मोशनमागे कुणी धावलं तर मॅन (प्रत्येकाने आपला माणूस धरायचा), मग पाच यार्डांवर खरी जिलबी. कुणी हललं नाही तर झोन (प्रत्येकाने आपली जागा राखायची), मग गर्दी.

जाता जाता: २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल घ्यायचं ठरलं ते मुंबईत भरलेल्या बैठकीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “क्रिकेट घेतलं ना? मग झालं.”

शनिवारी नऊला सामना आहे. पहिल्या स्नॅपला चेंडू कुठे जातोय ते मुख्य कोच बघतील, मी समोरच्या टीमच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या पायांवर डोळा ठेवणार.