कोकम बटर बाममध्ये स्टार्च: ताजी नोंद

स्टार्चशिवायचा बाम हातावर चकाकत राहायचा आणि कपड्याला तेल लागायचं. आताचं प्रमाण १०० ग्रॅमसाठी: कोकम बटर (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) ४०, नारळ तेल २०, बदाम तेल ३१.५, कॉर्नफ्लॉर ८, व्हिटॅमिन ई ०.५. स्टार्च ५ टक्के ठेवला तर फरक जेमतेम कळतो. १२ वर बाम त्वचेवर ओढला जातो आणि चोळताना वळ्या निघतात.

कॉर्नफ्लॉर म्हणजे पांढरा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही. आरारूटही चालतं, पण बाजारात त्या नावाखाली दुसराच स्टार्च मिळू शकतो. आयोडीन टाकून ते ओळखता येत नाही, कारण निळा रंग जवळजवळ सगळ्याच स्टार्चना येतो. बटाट्याचा नको. त्याचे मोठे कण १०० मायक्रॉनपर्यंत जातात, तांदळाचे साधारण ३ ते ८.

स्टार्च तेलात विरघळत नाही, नुसता पसरून राहतो. म्हणून तो कधी घालता यावर सगळं अवलंबून. १६ ग्रॅम बदाम तेल बाजूला काढून त्यात चाळलेला स्टार्च गुठळी न राहता घोटून ठेवा. उरलेलं तेल आणि बटर डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून) पूर्ण वितळवून भांडं बर्फाच्या पाण्यात धरा, ढवळणं थांबवू नका. कडेला पांढरी साय धरली आणि चमच्याची रेघ क्षणभर टिकली, की घोटलेला स्टार्च आणि व्हिटॅमिन ई घाला. लगेच डब्या भरा. पातळ, गरम तेलात घातलात तर स्टार्च तळाला बसतो.

तरीही खरखर लागली तर कण बोटावर दाबून बघा. वितळला तर तो बटरचा स्फटिक: सगळं पुन्हा वितळवून झटपट गार करा. तसाच राहिला तर स्टार्चची गुठळी, म्हणजे घोटणं कमी पडलं.

ओल्या हाताने डबीत बोट घालू नये. पाणी आणि स्टार्च एकत्र आले की बुरशीची सोय झालीच, आणि व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, बुरशी रोखत नाही (हा गैरसमज काही केल्या जात नाही).

पुढची फेरी लोशनची. तिथे पाणी असतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागणारच, आणि स्टार्च ४० अंशांखाली घालायचा. मक्याचा स्टार्च पाण्यात साधारण ६२ अंशांपासून फुगतो, मग कपड्यांच्या खळीसारखा चिकट होतो आणि कोरडा, मऊ स्पर्श जातो.