पेटीतलं घड्याळ, पेटीतला भाव

म्हापशात शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, कुणाच्या घड्याळाची किंमत सांगत बसायला वेळ नसतो. तरी श्रावणातल्या एका शुक्रवारी एका घड्याळापायी तासभर गेला. एक पोर ते विकायला घेऊन आलं. मोटरसायकल शर्यतीच्या नावाचं स्विस क्वार्ट्झ क्रोनोग्राफ, म्हणजे सेलवर चालणारं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. मागच्या झाकणावर कोरलेलं १२०६/५०००, म्हणजे पाच हजारांच्या मर्यादित आवृत्तीतलं १२०६ वं. सोबत हेल्मेटच्या आकाराची पेटी.

"काका, दहा वर्षं हातात घातलं नाही. दुप्पट तरी येतील ना?"

पेटी उघडली तर बुरशीचा वास. फोमचा भुगा होत आलेला, आणि काळा पट्टा बोटाला चिकटायला लागला. गोव्यात हे नेहमीचंच. पट्ट्यातल्या आणि फोममधल्या पॉलियुरेथेन प्लॅस्टिकला दमट हवा मानवत नाही, वापरा नाहीतर कपाटात ठेवा, ते आतून विरत जातं. त्यात या घड्याळाचा पट्टा थेट केसच्या खाचेत बसणारा. बाजारातला २० मिलिमीटरचा सरळ पट्टा त्याला लागणारच नाही.

झाकण काढलं. मशीन ईटीए या स्विस कंपनीचं जी१०, सेल ३९४ नंबरचा, कधीचा संपलेला आणि तसाच आत राहिलेला. कडेला पांढरी भुकटी, सर्किटवर हिरवट डाग. अशा मशीनचे सुटे भाग जुळवत बसणं परवडत नाही, अख्खं मशीन बदलतात. नवं बसवल्यावर क्रोनोग्राफचा काटा बाराच्या रेषेवर नसला तर चावी शेवटच्या खटक्यापर्यंत ओढायची आणि बाजूचं बटण दाबत तो एकेक पाऊल सरकवायचा. म्हणजे घड्याळ चालू होईल. तबकडी आणि रंगीत काटे शाबूत निघाले, हे नशीब. ते याच आवृत्तीपुरते छापलेले असतात. दुसरी तबकडी बसवली की मागच्या नंबराला काही अर्थ उरत नाही.

मी भाव सांगितला, घेतल्या किमतीच्या निम्म्याहून कमी. पोराचं तोंड उतरलं.

शर्यतींच्या नावावर ज्या घड्याळांना मोठा भाव आला, त्यांचा इतिहास उलटा आहे. १९६३ मध्ये आलेलं रोलेक्स डेटोना आणि १९६९ चं चौकोनी हॉयर मोनॅको, दोन्हींना सुरुवातीला गिऱ्हाईक नव्हतं. कुणी मर्यादित आवृत्ती म्हणून काढलीही नव्हती. कमी खपली, घातली गेली, झिजली, हरवली, म्हणून नंतर दुर्मीळ झाली. अमेरिकन नट पॉल न्यूमनचं स्वतःचं डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं, पण त्यात मोठा वाटा त्या मनगटाचा. इथे पाच हजार नग, आणि बहुतेकांनी पेटीत जपलेले. विकायला काढणारे भरपूर, घेणारे मोजके.

त्यातल्या त्यात यांत्रिक घड्याळ टिकतं. १९९६ ची, फॉर्म्युला वनच्या शूमाखरच्या नावाची ओमेगा स्पीडमास्टर घ्या, लाल, पिवळी, निळी. मनगटाच्या हालचालीने चावी भरणाऱ्या ऑटोमॅटिक मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा थर चढवलेला, म्हणून चावी बटणांच्या रेषेपेक्षा खाली दिसते. नकली ओळखायला पहिली नजर मी तिथेच टाकतो. तिचं मशीन तीस वर्षांनीही उघडून, साफ करून, तेल देऊन चालवता येतं.

पोराने वॉरंटी कार्ड पुढे केलं. दुकानाचा शिक्का होता, तारीख कोरी. त्याचेही भावातून थोडे कापले.

शेवटी विकायचं नाही म्हणाला. "मशीन घालून द्या, गणेश चवथीला घालतो." पेटीला ऊन दाखव म्हटलं, पडलं तर.