लोंटारचा फोटो काढण्याआधी

बालीत ताडपत्राला लोंटार म्हणतात. मूळ शब्द रोन-ताल. रोन म्हणजे पान आणि ताल म्हणजे आपला ताडच. बोलता बोलता अक्षरं उलटीपालटी झाली, एवढंच. सध्या अनेक जण मोबाइल घेऊन कुणाच्या तरी घरच्या लोंटारचे भराभर फोटो काढतात आणि 'डिजिटायझेशन झालं' म्हणतात. त्यातले बरेच फोटो नंतर कुणालाच वाचता येत नाहीत. का, ते बघू.

या पानांवर शाईने लिहिलेलं नसतं. पंग्रुपाक नावाच्या छोट्या सुरीने अक्षर कोरायचं, मग त्यावर काळं चोळायचं. ते काळं कमिरी नावाच्या तेलकट बीचं. बी कोळसा होईपर्यंत भाजून कुटतात. तिच्यातल्या तेलाबरोबर काजळी खाचेत बसते, वरचं पुसून घेतलं की फक्त अक्षर काळं राहतं. वर्षानुवर्षांत ही काजळी निघून जाते. मग अक्षर असतं, पण दिसत नाही. नवख्या माणसाला पान कोरं वाटतं.

म्हणून आधी सफाई. मऊ ब्रशने धूळ आणि किड्यांची घाण झाडायची. मग कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन पानाच्या लांबीच्या दिशेने पुसायचं. आडवं घासलं तर पान शिरेवर चिरतं. अल्कोहोलने जुनी काजळीही थोडी निघते, त्यामुळे कमिरी पुन्हा चोळावीच लागते. शेवटी सरेहचं तेल. सरेह म्हणजे गवती चहाच्याच कुळातलं गवत. या तेलाने पान लवचिक राहतं आणि किडेही लांब राहतात. इथे हात सैल सोडणं हीच नेहमीची चूक. तेल जास्त झालं की पानं एकमेकांना चिकटतात, वर धूळ बसते आणि सगळा गठ्ठा काळपट होतो. तुकडा पडलेलं पान चिकटपट्टीने जोडू नये. पट्टी काढताना अक्षरासकट पापुद्रा येतो.

दोरा सोडायच्या आधी अख्ख्या गठ्ठ्याचा एक फोटो हवा. बालीच्या पानाला तीन भोकं असतात, त्यांतून दोरा जातो आणि टोकाला बरेचदा भोकाचं जुनं चिनी नाणं बांधलेलं असतं. दोरा सुटला की पानं विस्कटतात, आणि क्रम लावताना लोक हमखास फसतात, कारण पानाचा आकडा मागच्या बाजूला, डाव्या समासात असतो. पुढच्या बाजूला शोधून सापडला नाही की 'आकडे नाहीत' अशी नोंद होते. पान उलटायचं ते आपण पोथीचं उलटतो तसं, वरून खाली. पुस्तकासारखं डावीकडे उलटलं तर मागचा मजकूर फोटोत उलटा येतो.

कॅमेरा पानाच्या बरोबर वर, शेजारी मोजपट्टी, आणि दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश. काजळी न लावलेलं पान असेल तर एकच दिवा, बाजूने, अगदी खालच्या पातळीवर, जवळजवळ पानाला टेकून. मग खाचेची सावली पडते आणि अक्षर उठतं. वाकलेल्या पानावर काच दाबू नये. कडक झालेलं पान कडकन मोडतं.

शेवटच्या पानावर बरेचदा नक्कल कधी केली ते लिहिलेलं असतं. मराठी वाचकाला इथे घरच्यासारखं वाटेल, कारण वर्ष शकात असतं. 78 मिळवा, इसवी सन आला. कधी आकड्यांऐवजी शब्द असतात. जावामधलं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'सिर्न इलंग कर्तनिंग बूमि', म्हणजे 0, 0, 4, 1. उजवीकडून वाचायचं, शक 1400. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत 'नेत्र' म्हणजे दोन, 'अद्रि' म्हणजे सात, तसंच हे. पण हे वर्ष नकलेचं की मूळ काव्याचं, ते तपासून लिहा. 'नागरकृतागम' हे जावातलं काव्य 1365 मध्ये रचलं गेलं आणि त्याची पोथी 1894 मध्ये बालीशेजारच्या लोंबोक बेटावरच्या राजवाड्यात सापडली, पण ती होती नंतरची नक्कल. दमट हवेत पान शतकभर टिकलं तरी पुष्कळ. बाकीचं काम नकलाकारांनी केलंय. बालीतल्या सिंगराजा शहरातल्या गेडोंग कीर्त्य या 1928 च्या ग्रंथालयानेही घरोघरच्या पोथ्या मागून आणायच्या, नकलून घ्यायच्या आणि परत करायच्या, असाच संग्रह वाढवला.

मजकूर टंकायचा तर युनिकोडमध्येच. बाली लिपी युनिकोडमध्ये 2006 साली आली. त्याआधीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी बाली आकार दाखवत, त्यामुळे फॉन्ट बदलला की कचरा. श्रीलिपीतल्या जुन्या फायली उघडून बघितलेल्यांना जास्त सांगायला नको.

आता आवाजाचं. काकविन, म्हणजे जुन्या जावानीजमधली वृत्तबद्ध काव्यं, नुसती डोळ्यांनी वाचायची नसतात. मबबसन नावाच्या वाचनाच्या बैठकीत एक जण ओळ गातो, दुसरा तिचा बाली भाषेत अर्थ सांगतो. या दुसऱ्याला पनगस म्हणतात. रेकॉर्डिंगला दोघांना वेगवेगळे माइक द्या. एकच माइक गाणाऱ्यासमोर ठेवला की अर्थ पुसट येतो, आणि पुढच्या अभ्यासकाला तोच हवा असतो. शब्दांमध्ये जागा न सोडता कोरलेली ओळ कुठे तोडायची, हेही त्याच्याच बोलण्यातून कळतं.

काही पोथ्यांवर 'अज वेर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेर फोडू नकोस. मंत्र, औषधं, विधी यांच्या पोथ्यांवर विशेष. घरचे लोक पोथी उघडण्याआधी नैवेद्य ठेवतात. तेवढा वेळ थांबावं, आणि फोटो काढायची परवानगी म्हणजे नेटवर टाकायची परवानगी नव्हे, हे दोन वेगळ्या ओळींत लिहून सही घ्यावी. सरस्वतीच्या दिवशी तर जाऊच नये. 210 दिवसांच्या पंचांगात हा दिवस दर वेळी शनिवारीच येतो, आणि शनिवारला तिथे 'सनिश्चर' म्हणतात. त्या दिवशी लोंटारची पूजा होते, वाचन-लेखन बंद. चार दिवस आधी गेलात तर मात्र पोथ्या पूजेसाठी बाहेर काढून झाडायचं काम चालू असतं, आणि कोणती पानं किड्यांनी खाल्लेली, कोणती धड, हे तेव्हाच बघून घेता येतं.