सकाळ तांबडी सुर्ल्याची, संध्याकाळ बाजाराची

दहावीची परीक्षा संपवून माझी भाची मार्चअखेरीस पुण्याहून फोंड्याला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये खरेदीची लांबलचक यादी तयार होती आणि त्या यादीत एकही देऊळ नव्हते. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला नवे बूट हवे होते, त्यामुळे तो लगेच तिच्या बाजूने झाला. दोघांनाही पणजीचा अठरा जून रस्ता गाठायचा होता आणि मला त्यांना तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ दाखवायचे होते. अखेर पणजीतील बरीच दुकाने दुपारी बंद असतात या एका गोष्टीवर तडजोड झाली. सकाळ माझी आणि संध्याकाळ त्यांची, असे ठरवून आम्ही शनिवारी सात वाजता घर सोडले.

या देवळाचा मी हट्ट धरला, त्याला कारण होते. फोंडा महालातील मंगेशी, शांतादुर्गा ही आमची देवळे मला प्राणप्रिय आहेत, परंतु तेथील देव मूळचे तेथले नव्हेत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या ताब्यातील देवळे पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा भाविकांनी ते नदीपलीकडे हलवले. मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून १५६० मध्ये आले. कदंब राजघराण्याच्या काळातील, बाराव्या शतकाच्या सुमारास बांधलेले देऊळ बऱ्याच अंशी मूळ रूपात पाहायचे असेल, तर गोव्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी, रानात लपल्यामुळे वाचलेल्या या देवळाकडेच जावे लागते.

उसगाव, धारबांदोडा मागे टाकून मोलेला वळलो आणि रान सुरू झाले. पळस आणि पांगारा फुलले होते, उघड्या काचेतून पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा आंबूस वास येत होता. मागच्या आसनावरच्या दोन्ही माना मात्र मोबाइलमध्येच होत्या. मोबाइलची रेंज गेली तेव्हा त्या वर आल्या.

देवळापाशी पोहोचताच मुलगा शेजारच्या नदीतील मासे पाहायला पळाला. भाची सभामंडपात टेकून बसली आणि मी शिखर, तिन्ही बाजूंचे प्रवेश, छतावरचे कमळ असे एकेक सांगत राहिले. ती माझा मान राखण्यापुरते ऐकत होती. मग मी थांबले, तेव्हा थोड्या वेळाने ती उठली आणि दोन दगडांमधील सांध्यावरून तिने बोट फिरवत नेले. आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात प्रत्येक कुडता उलटा करून ती आतली शिवण कशी तपासत होती, ते मी पाहिले होते. ही तीच सवय होती. “मावशी, यात सिमेंट किंवा चुना काहीच दिसत नाही,” ती म्हणाली. खरेच, हे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांत बसवलेले आहेत. मग तिने नंदीभोवतीचे चार कोरीव खांब एकामागून एक पाहिले, त्यांवरील साखळ्यांच्या कड्या मोजल्या आणि एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती स्वतःच शोधून काढला. तो दाखवायला ती माझ्या मुलाला नदीवरून ओढत घेऊन आली. हा काळा बसाल्ट घाटावरून आणला असावा असे अभ्यासक मानतात, असे मी सांगितल्यावर दोघांनी तो कसा आणला असेल यावर बराच वाद घातला. मुलाचे मत बैलगाड्यांचे होते, भाचीला घाटातील चढउतार पाहता ते पटत नव्हते. मी मध्ये पडले नाही. देऊळ पूर्वाभिमुख असल्यामुळे उगवत्या सूर्याचे किरण थेट आत येतात, हे ऐकून मुलगा म्हणाला की मग आपण उशिरा आलो. त्याचे म्हणणे बरोबर होते.

त्या मुलीला वस्तू पारखण्याची नजर होतीच. माझ्या अखंड बोलण्याने मी तिच्या वाटेत उभी होते, हे मला तेथे जाणवले.

परतीच्या वाटेवर जेवून साडेचारला पणजीत पोहोचलो. दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी घाई केली नाही आणि घड्याळही पाहिले नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी पुकारलेल्या लढ्यावरून या रस्त्याला हे नाव मिळाले, एवढेच मी एकदा सांगितले. मुलाला बूट तिसऱ्या दुकानात मिळाले. भाचीने मात्र लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कुणबी कापडाची ओढणी हातात घेऊन, ती उलटी करून, हातमागाची आहे का असे दुकानदाराला तीनदा विचारले आणि मगच घेतली. निघताना एका फुलवालीकडे सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, दिसले; त्यांतला एक तिने आईसाठी मागून घेतला आणि पुण्यापर्यंत त्याचा वास टिकेल का, असे विचारत गाडीत बसली.